नागूआईची पंगत

फार फार वर्षांमागे, घाटातून बैलगाडी जाईल एवढीही वाट नव्हती तेव्हा, आंबेदऱ्याच्या तोंडाशी नागूआई राहायची. एकटी, विधवा, आणि तोंडाने फटकळ. पण वाटसरूला नाव-गाव विचारायच्या आधी ती ताट वाढायची, असं म्हणतात.

एका सकाळी एक परका माणूस धापा टाकत तिच्या ओसरीवर आला. नागूआईने त्याला भाकरी वाढली. त्याने दोन घास खाल्ले न खाल्ले तोच दारात स्वारांची घोडी येऊन थांबली. पुढे पलीकडच्या गावचा पाटील हैबती होता, हातात उपसलेली तलवार.

"बाई, ह्यानं माझ्या भावाला मारलंय. बाहेर काढ त्याला."

पाहुणा पांढराफटक पडला. पण त्या मुलखात ताटावर बसलेल्याला कुणी उठवत नसे, मग तो वैरी का असेना.

"त्याचं जेवण व्हायचंय," नागूआई म्हणाली.

"मग थांबतो. हात धुतला की तो माझा."

झालं! नागूआई ताट रिकामं होऊ देईना. एक भाकरी संपत आली की दुसरी पडे. दुपार कलली.

"माय, आता घास उतरत नाही गं," पाहुणा रडकुंडीला आला.

"उतरव मेल्या! जीव आहे तुझा त्या ताटात."

पीठ संपलं. तेव्हा तिने पेरणीसाठी राखलेली ज्वारी काढली आणि ती जात्यावर बसली. हैबतीला राहवेना. किती झालं तरी तो शेतकरी!

"बियाणं दळतेस? पेरशील काय?"

"ते मी बघीन. पाहुणा ताटावर आहे."

ज्वारीचं टोपलंही रिकामं झालं. पण जातं फिरत राहिलं आणि दाणा नसताना पीठ पडत राहिलं, असं म्हणतात. स्वारांच्या अंगावर काटा आला. सकाळपासून उपाशी होते बिचारे.

"बघता काय? पत्रावळी मांडल्यात, बसा!" नागूआई ओरडली.

एकेक जण उतरून पंगतीला बसला. सर्वांत शेवटी हैबती आला. जागा उरली होती ती पाहुण्याच्या शेजारीच.

पहिला घास घेतला आणि तो ओक्साबोक्शी रडू लागला. भाऊ गेल्यापासून तो रडलाच नव्हता.

"बांधावरच्या भांडणात मी ढकललं, पाटील," पाहुणा म्हणाला. "मारायचं नव्हतं मला."

 हैबती उठला, तांब्या घेतला आणि पाहुण्याच्या हातावर स्वतः पाणी घातलं. "एका पंगतीला जेवलो. जा आता."

आजही आंबेदऱ्यात नागूआईच्या नावाने पंगत बसते. गावात ज्यांचा अबोला असेल त्यांना शेजारी शेजारी बसवतात आणि दोघांत एकच भाकरी वाढतात. ती कुणी मोडायची हे त्यांचं त्यांनी ठरवायचं. आणि त्यासाठी कुणाला तरी आधी बोलावंच लागतं.