मृदंगाची कणीक

त्या काळी मुक्तगिरी महाराजांचा मुक्काम वडदरीच्या केशवमंदिरात होता. तिथला सकाळचा क्रम ठरलेला असे. झाडलोट होई, सडा पडे, महाराज स्नान करून खांबापाशी येऊन बसत. मग रखमाजी गुरव कोठारातून मिळालेले मूठभर पीठ भिजवी, ती कणीक मृदंगाच्या डाव्या पुडीवर थापी आणि तळहाताने नाद पारखून घेई. काकडआरती संपली की कणीक खरवडून देवळाच्या गाईपुढे ठेवायची, असा रिवाज होता.

महाराज चातुर्मासासाठी त्र्यंबकेश्वरी गेले असताना मंदिराचे वहिवाटदार नरहरपंत यांनी रखमाजीचा सुगीचा धान्याचा वाटा बंद केला. ‘देवापुढे वाजवायचं आणि त्याचे दाणे मागायचे? ही सेवा की बाजार?’ असा त्यांचा सवाल होता. रखमाजीने वाटा पुन्हा मागितला नाही. कारण मनातून त्यालाही तसेच वाटे. मृदंगाला पीठ मिळत राहिले, वादकाचे थांबले.

महाराज परतले त्याच्या दुसऱ्या दिवशी, आरतीनंतर, पंतांनी भर सभामंडपात रखमाजीचा हात धरला. त्याच्या उपरण्याच्या गाठीत कणीक होती.

“बघा मंडळी, देवाच्या गाईचा घास! मृदंगाच्या नावावर स्वतःचंच पोट भरतोस होय रे?”

“माझं नाही, पंत,” रखमाजी खाली बघत म्हणाला. “दोघी लेकी कालपासून उपाशी आहेत. आजच्यापुरतं नेत होतो. उद्या मृदंग देवापाशी ठेवून खाणीवर दगड फोडायला जाणार आहे.”

“जा की! पण आधी चोरी भरून दे. तागडी आणा रे, तोलूनच घेऊ!”

कणीक एका पारड्यात पडली. दुसऱ्यात पंतांनी हसत मूठभर गहू टाकले. पारडे हलले नाही. पायली ओतली, मग पोते रिकामे केले. गहू ओसंडून फरशीभर पसरले, तरी लिंबाएवढी कणीक जमिनीलाच टेकून होती!

पंत महाराजांकडे वळले. “महाराज, या कलेची किंमत तरी किती म्हणायची?”

“कलेला कोण तोलतंय, पंत?” महाराज शांतपणे म्हणाले. “त्या पारड्यात दोन लेकींची भूक आहे. नाद देवाचा, दाराशी उभा राहील त्याला तो फुकटच मिळावा. पण वाजवणारा हात माणसाचा आहे. त्याला जेवू घालणं म्हणजे नाद विकत घेणं नव्हे. तुम्ही देवाची वहिवाट बघता, तीही सेवाच ना? मग इनामाच्या शेतातलं धान्य कोणाच्या घरी शिजतं?”

 पंत महाराजांच्या पायांशी वाकू लागले.

“इकडे नाही,” महाराज म्हणाले. “तो तिकडे उभा आहे.”

 पंत वळले आणि रखमाजीपुढे वाकले. “अहो पंत, हे काय!” म्हणत तो मागे सरकला, आणि काय आश्चर्य, कणकेचे पारडे अलगद वर आले!

त्या दुपारी पंतांनी गड्याला हाक मारली नाही. आपल्या इनामाच्या धान्यातले एक पोते त्यांनी स्वतःच्या पाठीवर घेतले, गुरवाच्या ओसरीवर टेकवले आणि आतून कोणी ‘कोण आहे?’ विचारण्याआधीच ते देवळाकडे वळले.