साळिणीचा विसावा

ऐका विसावादेवी, तुमची कहाणी. आटपाट नगरात साळ्यांची आळी होती. तिथं येसू साळीण राही. घरधनी देवाघरी गेलेला, एकुलती लेक गोदी सासरी. येसू राणीसाठी शेले विणी. राणी म्हणे, "सावकाश दे गं, घाई नाही." पण येसूला सावकाश ठाऊकच नव्हतं. एक शेला उतरला की लगेच दुसरा मागावर चढवी. शेजारणीनं हळदीकुंकवाला बोलावलं, गेली नाही. बहिणीनं जेवायला बोलावलं, गेली नाही. मग कुणी बोलवेनासं झालं. अन्न गोड लागेना, झोप येईना, माग थांबला तरी कानांतली खटखट थांबेना.

मग काय झालं? गोदीला दिवस गेले. पहिलटकरीण ती, बाळंतपणाला माहेरी आली. सकाळी म्हणाली, "आई, जवळ बैस." येसू म्हणाली, "एवढा काठ होऊ दे." दुपारी म्हणाली, "आई, मला भीती वाटते." येसू म्हणाली, "एवढा पदर होऊ दे." संध्याकाळी गोदी दारात नुसती उभी राहिली. पदर झाला, येसूनं मान वर केली, तर दारात कोणी नाही. अवघडलेली लेक परत गेली, सासरीच बाळंत झाली. बारशाचं बोलावणं आलं नाही.

मग येसू नदीवर जाऊन धाय मोकलून रडली. तिथं काही बाया हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. "बायांनो, बायांनो, हा कसला वसा?" "विसावादेवीचा. तुला कशाला? घेशील आणि टाकशील." "टाकणार नाही, सांगा." "सोमवारी दुपारी माग झाकावा, उंबऱ्याशी बसावं, दिवेलागणीपर्यंत हातांना काम देऊ नये. येईल त्याला ये म्हणावं."

पहिल्या सोमवारी येसू बसली. हात मांडीवर, मन मागावर. पुढच्या शेल्याची वेलबुट्टी मनातच विणली. देवी फिरकली नाही.

दुसऱ्या सोमवारी तिनं मोठा घाट घातला. अंगण सारवलं, पुरण वाटलं, साऱ्या आळीला वाढलं. बाया जेवल्या, विडे घेऊन गेल्या. हिला कुणाशी बोलायची फुरसत झाली नाही. हसू नका बायांनो, तुमच्यातही आहेत अशा! ती उष्टी काढत होती, तोच एक म्हातारी दारात आली, म्हणाली, "अगं वेडे, वशालासुद्धा कामाला जुंपलंस!" आणि दिसेनाशी झाली.

तिसऱ्या सोमवारी येसू नुसती बसली. हात शिवशिवले. घर खायला उठलं. शेजारी हसणं चाललं होतं, हिला कुणी हाक मारत नव्हतं. आपल्याला कोणी उरलं नाही, हे तिला तेव्हा कळलं. इतके दिवस कामाखाली ते दिसलं नव्हतं. रडली, पण उठली नाही.

दिवेलागणीला गोदी आली. छातीशी तान्हं. दारातच थबकली. "आई, कामात आहेस?"

"नाही गं. ये."

गोदीला खरं वाटेना. ती उंबऱ्याच्या दुसऱ्या टोकाला बसली. येसूनं घाई केली नाही. पुष्कळ वेळानं गोदीनं तान्हं तिच्या हातांत दिलं आणि म्हणाली, "मी फार भ्याले होते गं, आई."

येसू म्हणाली, "सांग. सगळं सांग."

विसावादेवी येसूला उशिरा पावली, तुम्हां आम्हांला वेळेवर पावो. साठा उत्तरांची ही कहाणी पाचा उत्तरी इथं पुरी झाली.