कमान आणि नवं दार

एका गडाच्या कमानीतलं दार वाळवीनं खाल्लं. पुष्कळ वर्षांनी गावकऱ्यांनी सागवानी दार खांद्यावरून वर नेऊन तिथं बसवलं.

"आमचं जुनं दार कधी करकरलं नाही," कमान पहिल्याच दिवशी म्हणाली.

"बिजागऱ्या नव्या आहेत, आत्याबाई."

"ते हत्तीलाही भ्यालं नव्हतं."

दारानं खाली पाहिलं. हत्ती कुठं दिसेना, सहलीची बस तेवढी उभी होती. वारा आला की दार आतबाहेर व्हायचं. कमानीनं धरून ठेवलं नाही तर आपण निखळू, ही धास्ती काही जाईना.

एकदा बसमधून एक जोडपं वर आलं. नवऱ्यानं चाकू काढला. "अगं, इथं आपली नावं कोरतो. लाकूड नवं आहे."

दार करकरलं. "आत्याबाई!"

चाकूचं टोक लाकडाला टेकलं, तोच कमानीतून चुन्याचं मोठं ढेकूळ त्याच्या डोक्यावर फुटलं.

"हेरंब, चल रे इथून, पडतंय हे सगळं!" बायकोनं त्याला ओढतच खाली नेलं.

"तुमच्या सांध्यातला चुना गेला की," दार हळूच म्हणालं.

"जाऊ दे. आमच्या दाराला कुणी हात लावलेला मला खपत नाही." मग कमान म्हणाली, "करकरायचं तेवढं बघ."