चंद्रीचं लोढणं

"म्हणजे तो रेणू जागचा हलतच नाही म्हणतोस?"

मठाच्या पायरीवर बसलेल्या अप्पास्वामींनी विचारलं. समोर मल्लेश होता. लहानपणी याच मठात राहून शिकलेला, आता पुण्यात संशोधक. मांडीवर प्रबंधाचं जाडजूड बाड. उद्या ते विद्यापीठात द्यायचं, दिलं की नोकरी पक्की. तेवढ्यासाठी आशीर्वाद घ्यायला आला होता.

त्यानं सगळं समजावून सांगितलं. पेशीचं आवरण म्हणजे तेलासारखा पातळ थर. त्यात रेणू तरंगत फिरतात, एकमेकांना भेटतात, आणि भेटले की पेशीचं काम सुरू होतं, असं पुस्तकं सांगतात. पण मल्लेशनं दोन वर्षं सूक्ष्मदर्शकातून पाहिलं होतं. एकही रेणू जागा सोडत नव्हता. भिंतीत चिणलेल्या दगडांसारखे होते सगळे.

"एवढं बारीक तुला दिसलं कसं?"

"प्रत्येकाला सोन्याचा मणी चिकटवला, अप्पा. मणी चमकतो."

"केवढा मणी?"

"रेणूपेक्षा... थोडा मोठा."

बरोबर काम करणाऱ्या रेहानानं त्या मण्याबद्दल शंका काढली होती. आधी नीट शिकून ये, असं म्हणून आपण तिला चारचौघांत गप्प बसवलं, हेही त्यानं हसत सांगितलं.

स्वामी हसले नाहीत. त्यांनी अंगणातल्या गाईकडे बोट दाखवलं.

"आमची चंद्री कशी वाटते?"

"गरीब आहे. सकाळपासून बघतोय, चिंचेखालून हललेली नाही."

"तेही लिही तुझ्या बाडात... आणि तिचं लोढणं काढ."

चंद्रीच्या गळ्यातून एक ओंडका पुढच्या पायांमध्ये लोंबत होता. मल्लेशनं दोरी सोडली. ओंडका उचलायला त्याला दोन्ही हात लागले.

चंद्रीनं मान झटकली. क्षणभर थांबली... आणि कुंपण मोडून शेजारच्या उसात शिरली. थोडा वेळ पाला हलला, मग तोही थांबला.

मल्लेश लोढणं पोटाशी धरून उभा होता.

"अप्पा, आता तर ती दिसतही नाही."

"दिसत होतं ते लोढणं. चंद्री ही आत्ता गेली ती."

मल्लेशनं लोढणं खाली ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं प्रबंध दिला नाही. रेहानाला फोन केला.