प्लास्टिकातली ट्यूब

वस्तूंना तोंड होतं, पण माणसांना ते ऐकू येत नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. यमुताईंनी काचेच्या पेटीत एक दाढीवाला सरडा पाळला होता. त्याच्या डोक्यावर उबेसाठी बल्ब होता आणि उन्हासारख्या उजेडासाठी लांब ट्यूब. ट्यूब खराब होऊ नये म्हणून यमुताईंनी तिच्यावरचं प्लास्टिकच काढलं नव्हतं. ट्यूबला त्याचा कोण तोरा!

सरडा मात्र अन्नाला शिवेना. अळ्या झाल्या, मेथी झाली, तो वाळून काटकी झाला.

"पाठ शेकतोस बाबा, पण भूक काही लागत नाही," तो बल्बला म्हणाला.

"मी ऊब देतो. ऊन देणं हिचं काम," बल्ब खेकसला. "आणि ही बसलीये नवरीसारखी गुंडाळून! प्लास्टिकातून ऊन खाली उतरत नाही, आणि उन्हाशिवाय तुला भूक कुठली?"

"मला ओरखडा आला म्हणजे?" ट्यूब फणकारली.

खालचा दगड म्हणाला, "जप बाई. सरडा गेला की तुला अडगळीत टाकतील. तशीच, नवीकोरी."

ट्यूबनं खाली पाहिलं. सरड्याला मान उचलवत नव्हती. ती मुद्दाम लुकलुकू लागली. यमुताई वैतागून स्टुलावर चढल्या आणि बिघाड शोधायला त्यांनी प्लास्टिक टराटरा फाडलं. ट्यूब लगेच नीट पेटली.

आठवड्याभरात तिच्यावर धूळ बसली. खाली सरडा मेथी चावत होता.

टीव्हीचा रिमोट अजून प्लास्टिकातच होता. तो म्हणाला, "शी! किती मळलीस गं!"

"मळणारच," ट्यूब म्हणाली. "कामावर आहे मी."