दयाळाची शीळ

पक्षी एकमेकांना गाणी विकायचे, त्या काळातली ही गोष्ट. एका दयाळ पक्ष्याने मुंग्यांना पळवून लावणारी शीळ तयार केली. ढोलीत राहणाऱ्यांनाच तिचा उपयोग, त्यामुळे गिऱ्हाइकं मोजकीच. भाव एक उंबर. धनेश, पिंगळा खुशीने देत.

पण दयाळाला धास्ती पोपटांची. ऐकलं की उचललंच त्यांनी! म्हणून त्याने शिळेत एक शपथ गुंफली: एका पायावर उभं राहून आपलं आणि झाडाचं नाव सांगायचं, मग म्हणायचं, "ही शीळ मी चोरलेली नाही." मगच शीळ निघायची. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. शपथ इतकी घट्ट बसली की त्याला स्वतःलाही ती वेगळी काढता येईना. या मेहनतीपायी भाव चार उंबरं झाला.

"अरे, शपथ होईस्तोवर मुंग्या अंड्यांपाशी पोचतात!" धनेश वैतागला.

"मग नीट पाठ कर," दयाळ म्हणाला.

गिऱ्हाइकं यायची थांबली.

एके दिवशी दयाळाच्याच ढोलीत मुंग्या शिरल्या. तो एका पायावर उभा राहिला आणि गडबडीत झाडाचं नाव चुकला. पुन्हा पहिल्यापासून! मुंग्या अंड्यांना भिडणार, तोच शेजारच्या फांदीवरून नुसती शीळ आली आणि मुंग्या मागे फिरल्या. फांदीवर पोपट बसला होता.

"चोरा! माझी शीळ विकतोस?"

"छे, शिळेचं मी काहीच घेत नाही," पोपट म्हणाला. "शपथ काढून देण्याचं एक उंबर घेतो. धनेशाने कालच दिलं. तुला हवीय?"

दयाळाने अंड्यांकडे पाहिलं आणि तो उंबर शोधायला उडाला.