हरणमाळचा तिसरा खेळाडू

हरणमाळ गावात एक भोळा गडी राहत होता. नाव तवनाप्पा. अंगानं दांडगा, मनानं मऊ, आणि डोक्याचं म्हणाल तर डोकं होतं. टोपी घालायला त्याचा चांगला उपयोग होई.

सांगितलेलं तो कधी विसरत नसे. तीच तर पंचाईत होती.

त्याच गावात भूपाल गुरुजी नावाचे निवृत्त मास्तर होते. चावडीमागे विटांची, पत्र्याच्या छपराची एक खोली होती, तिथे त्यांचा बुद्धिबळाचा अड्डा. बायको गेल्यापासून गुरुजींना त्या खोलीवाचून दुसरं काही उरलं नव्हतं. आणि सरपंचांना नेमकी तीच खोली खताची पोती ठेवायला हवी होती. बरीच भांडणं झाली. शेवटी ठरलं, की शेजारच्या बोरपाणी गावाशी दरवर्षी बुद्धिबळाचा सामना होतो, तो यंदा हरणमाळनं जिंकला तर खोली कायमची बुद्धिबळाची. हरला तर खताची.

सामन्याला तीन खेळाडू लागत. एक गुरुजी, दुसरा दादू पोस्टमन. तिसरा होता तो लेकीकडे पुण्याला राहायला गेला. मग उरलं कोण? तवनाप्पा. पंधरा वर्षं त्या खोलीच्या दारात बसून त्यानं खेळ बघितला होता. घोडा अडीच घरं जातो आणि उंट तिरका जातो, एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं. गुरुजींनी देवाचं नाव घेतलं आणि कागदावर तवनाप्पाचं लिहिलं.

सामना हरणमाळात, तेव्हा साहित्यही हरणमाळचं. जुन्या सोंगट्यांत एका घोड्याच्या जागी बाटलीचं बूच होतं आणि दोन प्याद्यांच्या जागी सुपाऱ्या.

गुरुजी म्हणाले, "तवनाप्पा, सांगलीला जा आणि सोंगट्यांचा नवा लाकडी संच घेऊन ये."

तवनाप्पा गेला. सोंगट्या घेतल्या, पोत्यात टाकल्या. एसटीत बसायला जागा नव्हती, म्हणून पोतं खाली ठेवून त्यावरच बसला. गावात येईपर्यंत दोन घोड्यांचे कान गेले आणि एका वजिराचं मुंडकं.

गुरुजी मटकन खाली बसले. "अरे शहाण्या, अशी वस्तू आणतात होय? एकेक सुटं करायचं, एकेकाला कापूस गुंडाळायचा, आणि मग जपून आणायचं."

"ध्यानात ठेवतो, गुरुजी. आता चूक व्हायची न्हाई."

गुरुजींनी डिंकानं मुंडकं चिकटवलं. आठवड्यानं म्हणाले, "आता तुला शिकायला पुस्तक पाहिजे. डाव कसा सुरू करायचा, कसा संपवायचा, सगळं असेल असं जाडजूड बघून आण."

तवनाप्पा गेला. दोनशे बारा पानांचं पुस्तक घेतलं. मग सांगलीच्या स्टँडवर बसून त्यानं एकेक पान सुटं केलं, एकेकाला कापूस गुंडाळला आणि जपून आणलं. एसटीतून उतरला तेव्हा बाया म्हणाल्या, तवनाप्पानं नवी गादी भरून आणली वाटतं.

गुरुजींनी वरचा कापूस काढला. आत पान एकशे चाळीस. दुसरा काढला. पान नऊ. गुरुजी मटकन खाली बसले.

"अरे, पुस्तक कुणी सुटं करतं का? उलट दोऱ्यानं घट्ट शिवायचं. खळ लावायची, वरून पुठ्ठा चिकटवायचा, कड बंद करायची. म्हणजे वर्षानुवर्षं काही हलत नाही."

"हे तुमी आदी सांगाय पायजे हुतं," तवनाप्पा म्हणाला. "पर आता ध्यानात ठेवतो. चूक व्हायची न्हाई."

तवनाप्पाला पानं लावायला चार दिवस गेले. डाव संपवायचा कसा ते पुस्तकात आधी आलं आणि सुरू करायचा कसा ते शेवटी. तवनाप्पानं तसंच वाचलं.

सामना दोन दिवसांवर आला. राहिलं होतं घड्याळ. बुद्धिबळाच्या घड्याळाला दोन तबकड्या असतात, एक आपली, एक समोरच्याची. आपली खेळी झाली की वरचं बटण दाबायचं, मग समोरच्याची वेळ सुरू होते. तवनाप्पाला ते आणायला धाडलं, आणि गुरुजी दिवसभर घरात येरझाऱ्या घालून शेवटी खाली बसले.

संध्याकाळी तवनाप्पा आला. त्याच्या हातात पुठ्ठ्याचा एक चौकोनी ठोकळा होता. चारी बाजूंनी शिवलेला, खळ लावून चिकटवलेला, कड बंद. आतून टिकटिक ऐकू येत होती. वाजले किती, ते त्या पुठ्ठ्यालाच ठाऊक.

"बाइंडरनं लई खळखळ केली," तवनाप्पा म्हणाला. "पर करून घेतलंच. आता वर्सानुवर्सं काय हालत न्हाई बगा."

गुरुजी बसलेलेच होते. ते आडवे झाले.

"अरे देवा," ते पडूनच म्हणाले, "चालतं ते असं कोंडत नाहीत रे! हातात घ्यायचं, हलवायचं, कानाला लावून चालू आहे का ऐकायचं. मगच खाली ठेवायचं."

"ध्यानात ठेवतो, गुरुजी."

गुरुजींनी रातोरात पुठ्ठा फाडून घड्याळ बाहेर काढलं. सामन्याचा दिवस उजाडला. खोली माणसांनी भरली. सरपंच खताची दोन पोती दारात आणूनच बसले होते. गुरुजी जिंकले, दादू पोस्टमन हरला. आता सगळं येऊन ठेपलं तिसऱ्या डावावर. तिथे तवनाप्पासमोर बोरपाण्याचे बापूसाहेब, मोठ्या मिशांचे आणि त्याहून मोठ्या पोटाचे. गुरुजी कोपऱ्यात उभे होते.

तवनाप्पानं प्यादं उचललं. हलवलं. कानाला लावलं, डोळे मिटून ऐकलं, आणि मग खाली ठेवलं.

बापूसाहेबांनी पाहिलं आणि आपलं प्यादं पुढे सरकवलं. पुढच्या खेळीला तवनाप्पानं घोडा कानाला लावला.

"काय ऐकताय, पाव्हणं?" बापूसाहेबांनी विचारलं.

"चालू हाय का बगतुया."

"मग? काय म्हनतोय घोडा?"

"काय बोलत न्हाई. कान तुटल्यात त्याचं. त्याला तरी काय ऐकू येतंय म्हना."

बापूसाहेबांना हसू फुटलं. आधी मिशा हलल्या, मग पोट हललं, मग खुर्ची हलली. हसता हसता ते पुढे कोसळले आणि सावरायला टेकलेला हात थेट स्वतःच्या वजिरावर पडला.

"हात लागला!" पंच ओरडले. "आता वजीरच हलवायचा."

"अवो, चुकून लागला की!"

"चुकून लागू द्या नाहीतर मुद्दाम. हात लागला की हलवायचं. नियम म्हणजे नियम."

वजिराला जायला दोनच घरं मोकळी होती आणि दोन्हींवर तवनाप्पाची प्यादी टपून बसलेली. वजीर गेला. त्यामागोमाग हत्ती गेला. बापूसाहेबांनी मिशीला पीळ भरला, घड्याळाकडे बघितलं, आणि डाव सोडला.

हरणमाळ जिंकलं! सरपंचांनी मुकाट्यानं पोती उचलली. गुरुजींना रडू आवरेना. त्यांनी तवनाप्पाला पोटाशी धरलं. पण मास्तर ते मास्तर. त्या गर्दीतही म्हणाले, "बघितलंस ना तो नियम? हात लागला की हलवायचं. चुकून लागला तरी. हे जो पाळत नाही तो खेळाडूच नव्हे."

"ध्यानात ठेवतो, गुरुजी. आता चूक व्हायची न्हाई."

"शाबास. आता खोलीला कडी लाव आणि ये."

गावानं गुरुजींना हार घातला, हलगी लावून मिरवणूक काढली. गल्ल्या फिरून, जिलेबी खाऊन लोक संध्याकाळी चावडीमागे आले. तिथे बुद्धिबळाचा पट होता, सोंगट्या होत्या, घड्याळ टिकटिकत होतं. खोली नव्हती.

पलीकडे सरपंचांच्या गोठ्याला टेकून पत्र्यांची चळत उभी होती. शेजारी वासे, खिडकी आणि विटांचा ढीग. ढिगाजवळ घामानं निथळत तवनाप्पा उभा होता.

"कडी लावताना दाराला हात लागला, गुरुजी," तो म्हणाला. "मग काय, हलवायलाच पायजे. चौकोनी हाय, म्हनून हत्तीवानी सरळ रेघंत न्यायला घेतली. मधी ह्यो गोठा आडवा आला. मारू का गोठा, एवढंच इचाराया थांबलोय."

सरपंच गोठ्याच्या दारात आडवे उभे राहिले. गुरुजी मटकन खाली बसले आणि लहान मुलासारखे रडू लागले. चाळीस वर्षांची खोली अर्ध्या दिवसात विटांचा ढीग झाली होती.

गुरुजींना असं रडताना तवनाप्पानं कधी बघितलं नव्हतं. त्याचं काळीज हललं. तो धावत आला, "चुकलं, गुरुजी," म्हणाला, आणि वाकून त्यानं गुरुजींचे दोन्ही पाय धरले.

धरले आणि तसाच थांबला. मग सावकाश मान वर केली.

"गुरुजी," तो म्हणाला, "आता तुमास्नीबी हलवाया लागतंय."

आणि त्यानं भूपाल गुरुजींना हारासकट अलगद उचललं, हलवलं, कानाला लावून बघितलं, आणि सरळ रेघेत नेऊन विटांच्या ढिगावर ठेवलं.